बरोबर क्रमांक ‘अवैध’ का ठरतो? पॅन, आधार, जीएसटीआयएन आणि आयएफएससीची तपासणी अडली की काय बघायचं

पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, छोटे कारखाने, सीए मंडळींची कार्यालयं यांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्याला एक फोन ठरलेला असतो: “कार्ड हातात धरून बसलोय, छापलंय तेच टाइप करतोय, आणि तुमचा प्रोग्राम घेत नाही.” मार्च जवळ आला आणि केवायसीची घाई सुरू झाली की हा फोन रोजचाच.

असा फोन आला की बहुतेक प्रोग्रामर पहिल्यांदा रेगेक्स (मजकूर ठरावीक साच्यात बसतो का ते तपासणारा नियम) उघडतात आणि त्यात एखादा कंस वाढवतात. तेवढ्यापुरतं भागतं, पण पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाचा तरी क्रमांक अडकतो. माझ्या अनुभवात रेगेक्सचा दोष कमी वेळा असतो. त्याच्यापर्यंत येता येताच क्रमांकाचं काहीतरी बिघडलेलं असतं, नाहीतर नियम लिहिणाऱ्याने फक्त स्वतःचं कार्ड बघून नियम लिहिलेला असतो. म्हणून खालचा क्रम असा लावलाय: आधी फोनवर निकाली निघणाऱ्या गोष्टी, मग दहा मिनिटांच्या, आणि कोडच्या पोटात शिरायचं काम सगळ्यात शेवटी.

एक सूचना आधीच. या लेखातले सगळे आकडे देवनागरीत आहेत. ते उचलून प्रोग्राममध्ये चिकटवू नका. का ते तिसऱ्या तपासणीत येईलच.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं ते आधी ओळखा. एकाहून जास्तही असू शकतात.

- हाताने टाइप केलेला क्रमांक चालतो, तोच व्हॉट्सअ‍ॅपमधून किंवा पीडीएफमधून चिकटवला की चालत नाही.
- स्क्रीनवर हिरवी खूण येते, पण ‘सेव्ह’ दाबल्यावर सर्व्हर नाकारतो. कधी नेमकं उलटं.
- एक्सेलमधून आलेल्या यादीत पॅन सगळे पास, आधार सगळे नापास.
- सोळा अंकी क्रमांकांच्या शेवटी संशय यावा इतकी शून्यं दिसतात.
- दहातले जवळपास नऊ आधार नापास होतात. किंवा जीएसटी क्रमांक एकही पास होत नाही.
- ठरावीक लोकच अडकतात: लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका, संस्था आणि ट्रस्ट, सरकारी कार्यालयं, नागरी सहकारी बँकांचे खातेदार, दिल्लीचे ग्राहक.
- आणि सगळ्यात घातक लक्षण: पुढे शेपूट लागलेला किंवा एक अंक कमी असलेला क्रमांक बिनबोभाट पास होतो. याची तक्रार कोणी करत नाही, कारण कोणाचं काही अडत नाही. रिटर्न भरताना किंवा पैसे पाठवताना कळतं.

१. योग्य रकान्यात योग्य क्रमांक आहे का?

खर्च शून्य, वेळ एका फोनचा. कार्डाचा फोटो मागवू नका. पहिली दोन अक्षरं, शेवटची चार अक्षरं आणि एकूण किती अक्षरं एवढंच विचारा. आधार १२ अंकी असतो. १६ अंकी सांगितला तर तो व्हीआयडी, म्हणजे आधारऐवजी देता येणारा तात्पुरता क्रमांक. १४ अंकी असेल तर माणूस नोंदणीची पावती हातात घेऊन बसलाय, त्यावरचा तो नोंदणी क्रमांक आहे. पहिल्या आठ जागी फुल्या असतील तर ते ‘मास्क’ केलेलं आधार आहे. ते त्याने मुद्दाम आणि शहाणपणाने उतरवून घेतलेलं असतं. तिथे प्रोग्रामने ‘अवैध क्रमांक’ असं वसकन अंगावर न येता ‘हे मास्क केलेलं आधार आहे’ असं सांगायला हवं.

पॅनच्या रकान्यात टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक, येतो तेव्हा जास्त फसगत होते, कारण दोन्ही १० अक्षरी. पॅनमध्ये ५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर. टॅनमध्ये ४ अक्षरं, ५ अंक, १ अक्षर. कारखान्याच्या हिशेबनिसाकडे दोन्ही कागद एकाच फायलीत असतात. अक्षरांची जागा बघून हा टॅन आहे हे प्रोग्रामला ओळखता येतं. ओळखता येतंय तर तसं सांगा, निम्मे फोन बंद होतात.

२. क्रमांकाची लांबी प्रोग्रामलाच विचारा

डोळ्यांना १० अक्षरं दिसतात. प्रोग्रामला किती दिसतात? तपासणीच्या आधी एक ओळ घाला आणि आलेल्या मजकुराची लांबी आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड आकडा (संगणकात त्या अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) छापून बघा. लांबी ११ आली की चोर घरातच आहे. नेहमी सापडणारी मंडळी अशी: १६० हा न तुटणारा स्पेस, जो वेबपानांवरून आणि वर्डमधून येतो, ८२०३, ८२०४ आणि ८२०५ ही शून्य रुंदीची अदृश्य अक्षरं, ६५२७९ हा फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारा बीओएम, म्हणजे एक अदृश्य खूण. सीएसव्हीतल्या (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमधल्या) पहिल्याच ओळीचा पहिलाच क्रमांक नापास होत असेल तर बाकी काही न बघता हा ६५२७९ शोधा.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांकडे ८२०५ जास्त सापडतो. ‘दुसर्‍या’ मधला अर्धा र काढायला तो वापरला जातो, आणि क्रमांकाच्या आधीच्या शब्दाला चिकटून तो कॉपीत येतो.

“पण आम्ही ट्रिम लावलंय,” हे उत्तर ठरलेलं. ट्रिम म्हणजे मजकुराच्या दोन्ही टोकांचे स्पेस काढणारं फंक्शन, पण ते सगळीकडे सारखं नसतं. जावामधलं जुनं ट्रिम फक्त ३२ आणि त्याखालची अक्षरं काढतं, त्यामुळे १६० तसाच राहतो. नवं स्ट्रिपसुद्धा १६० ला हात लावत नाही. जावास्क्रिप्टचं ट्रिम १६० आणि ६५२७९ दोन्ही काढतं, पण ८२०३ ला सोडून देतं. म्हणजे ब्राउझरमध्ये साफ झालेला क्रमांक आणि सर्व्हरवर साफ झालेला क्रमांक वेगळे असू शकतात. हिरवी खूण येऊनही ‘सेव्ह’ न होण्याचं एक कारण हे.

उपाय: साफसफाईचं एकच फंक्शन ठेवा, सर्व्हरवर. त्याने स्पेस, आडवी रेघ आणि वरची अदृश्य अक्षरं काढावीत, अक्षरं मोठ्या लिपीत करावीत, आणि मग त्या साफ रूपाचीच तपासणी व्हावी आणि तेच साठवलं जावं. अक्षर किंवा अंक नसेल ते सगळं उडवून टाकायचा मोह होतो, तो आवरा. मास्कच्या जागी तारे असलेला आधार ४ अंकी होऊन बसेल, आणि वापरणाऱ्याला ‘अंक कमी आहेत’ असा निरर्थक निरोप जाईल.

इथेच एक जुना दोष सांगून टाकतो, कारण तो मला दर थोड्या महिन्यांनी भेटतो. आधारच्या रकान्याला कमाल लांबी १२ दिलेली असते. कार्डावर आधार चार-चारच्या गटांत छापलेला असतो, मध्ये दोन स्पेस, म्हणजे एकूण १४ अक्षरं. माणूस तसाच चिकटवतो, ब्राउझर पहिली १२ ठेवतो आणि शेवटचे दोन अंक गुपचूप कापतो. मग साफसफाई दोन स्पेस काढते आणि हातात १० अंक उरतात. माणूस म्हणतो मी पूर्ण टाकला, प्रोग्राम म्हणतो अपुरा आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. रकान्याची कमाल लांबी सैल ठेवा, २० करा, आणि मोजणी साफसफाईनंतर करा.

३. अंक कुठल्या लिपीतले आहेत?

मराठी कीबोर्ड चालू असताना कोणी आधार टाइप केला तर बऱ्याच कीबोर्डांवर देवनागरी अंक उमटतात. त्यांचे युनिकोड आकडे २४०६ ते २४१५. इंग्रजी अंकांचे ४८ ते ५७. माणसाला दोन्ही ‘पाच’च, प्रोग्रामला वेगळे.

आता गंमत बघा. रेगेक्समध्ये ‘कुठलाही अंक’ म्हणायला आपण बॅकस्लॅश डी लिहितो. जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त इंग्रजी अंक. जावामध्येही मुळात तसंच. पण पायथन ३ मध्ये साध्या मजकुरावर तोच बॅकस्लॅश डी देवनागरी अंकही स्वीकारतो, आणि डॉटनेटमध्येही, वेगळं सांगितलं नसेल तर. पायथनचं इझडिजिट त्यांना अंक मानतं, इतकंच काय, इंट त्यांची सरळ संख्या करून देतं. त्यामुळे ब्राउझरमधून आलेला देवनागरी आधार अडतो, पण एक्सेलमधून थेट पायथनकडे गेलेला पास होऊन डेटाबेसमध्ये देवनागरीतच बसतो. पुढे कोणी इंग्रजी अंकांनी शोधलं की ‘असा सभासद नाही’. मग तोच सभासद दुसऱ्यांदा नोंदवला जातो.

देवनागरी अंक नाकारू नका. मराठीत काम करणाऱ्या माणसाला त्याच्या लिपीत टाइप करू द्यावं, आणि साफसफाईच्या फंक्शनमध्येच त्यांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत. दहा अंकांचा तक्ता लागतो, त्यापलीकडे काही नाही. रेगेक्समध्ये मात्र बॅकस्लॅश डी न लिहिता शून्य ते नऊ असा उघड पट्टा द्या, म्हणजे भाषा बदलली तरी अर्थ बदलत नाही.

४. वाटेत कोणी त्याची संख्या केली का?

आधार, व्हीआयडी, खाते क्रमांक यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तरी ते नुसत्या अंकांचे असल्यामुळे वाटेतला प्रत्येक जण त्यांना संख्या समजतो. पहिला दोषी एक्सेल. साध्या रकान्यात १२ अंक टाकले की एक्सेल ते २.३४५६८ई+११ असे दाखवतं. नुसतं दाखवण्यापुरतं असेल तोवर ठीक, आत पूर्ण आकडा असतो. पण तीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की दिसतं तेच लिहिलं जातं, आणि शेवटचे अंक गेले ते गेले. पॅन सगळे पास आणि आधार सगळे नापास याचं कारण जवळजवळ नेहमी हेच, कारण पॅनमध्ये अक्षरं असल्यामुळे एक्सेल त्याच्या वाटेला जात नाही.

सोळा अंकी व्हीआयडीची गत आणखी वाईट. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता ठेवतं, सोळाव्या जागी शून्य घालतं. रकान्याचा प्रकार नंतर ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही. आकडे भरण्याच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करायचा असतो. खाते क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. आणि हो, सीएसव्हीवर नुसती डबल-क्लिक करून उघडली आणि काही न बदलता साठवली, तरीही हे सगळं होतं. ऑफिसातल्या कोणीतरी ‘जरा बघितली’ असते.

म्हणून यादी नापास झाली की कोड उघडण्याआधी पाठवणाऱ्याकडे मूळ एक्सेल फाइल मागा, सीएसव्ही नको. मूळ फाइलमध्ये बारा अंक शाबूत असतील तर काम अर्ध्या तासात होतं.

दुसरा दोषी डेटाबेसचा रकाना. साधा इंट २१४७४८३६४७ पर्यंतच जातो. आधार तर सोडाच, ९ ने सुरू होणारा मोबाइल क्रमांकही त्यात मावत नाही. तिसरा जावास्क्रिप्ट, जिथे पूर्णांकांची खात्री ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच. जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या साच्यात) अवतरणचिन्हं न लावता सोळा नऊ पाठवून बघा, पलीकडे एकावर सोळा शून्यं निघतात. चौथा म्हणजे वेबपानावरचा ‘नंबर’ प्रकारचा रकाना. तो कमाल लांबी मानत नाही, घातांकाचा ‘ई’ स्वीकारतो, आणि काही ब्राउझरांत माउसचं चाक फिरलं की आकडा एकाने बदलतो. रकाना मजकुराचा ठेवा आणि मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड यावा म्हणून इनपुटमोड न्यूमेरिक करा.

दिल्लीचे ग्राहक का अडकतात तेही इथेच कळतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७, उत्तर प्रदेश ०९. कोणीतरी राज्याचा संकेतांक वेगळ्या रकान्यात संख्या म्हणून ठेवतो, ०७ चा ७ होतो, आणि परत जोडताना १५ ऐवजी १४ अक्षरं होतात. पुण्यात बसून २७ आणि ३० वर चाचण्या केल्या तर हा दोष आयुष्यभर दिसणार नाही.

५. आता रेगेक्स उघडा

इथवर काही सापडलं नसेल तरच. पहिल्यांदा बघा, रेगेक्स पूर्ण मजकुराला लागू आहे की त्यातल्या तुकड्याला. सुरुवातीची आणि शेवटाची खूण नसेल तर ‘माझा पॅन अमुक आहे’ हे अख्खं वाक्यही पास होतं, कारण पॅनसारखा तुकडा त्यात आहे. जावामध्ये मॅचेस पूर्ण मजकूर बघतं, फाइंड तुकडा शोधतं. पायथनमध्ये मॅच फक्त सुरुवातीपासून बघतं, शेवटाची हमी देत नाही. तिथे शेवटी डॉलर लावला तरी मजकुराच्या टोकाला असलेली नवी ओळ सुटून जाते. फुलमॅच वापरा आणि विषय संपवा.

दुसरं, अक्षरांचा पट्टा मोठ्या ए पासून छोट्या झेडपर्यंत एकत्र लिहिलेला नाही ना? मोठा झेड ९० वर संपतो, छोटा ए ९७ ला सुरू होतो, आणि मधल्या सहा जागांवर चौकटी कंस, बॅकस्लॅश, अंडरस्कोर वगैरे मंडळी राहतात. ती सगळी अक्षरं म्हणून पास होतात.

६. नियम गरजेपेक्षा कडक आहे का?

माझ्या मते खरं दुखणं इथे आहे. रेगेक्स कडक करत जाणं म्हणजे गुणवत्ता, असा एक समज असतो. दर वेळी एक अट वाढते आणि एक गट बाहेर पडतो.

पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं: पी व्यक्ती, सी कंपनी, एच हिंदू अविभक्त कुटुंब, एफ भागीदारी, ए व्यक्तींचा संघ, बी व्यक्तींचा समूह, टी ट्रस्ट, जी सरकार, एल स्थानिक स्वराज्य संस्था, जे कृत्रिम कायदेशीर व्यक्ती. ज्याने स्वतःचं पॅन बघून चौथ्या जागी फक्त पी ठेवला, त्याच्या प्रोग्राममध्ये गृहनिर्माण संस्था शिरूच शकत नाही. त्यांच्या पॅनमध्ये तिथे बहुधा ए असतो.

पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं आद्याक्षर. हे वाचलं की लगेच कोणाला तरी वाटतं, अर्जातल्या आडनावाशी ताडून बघू. नका. लग्नानंतर कुलकर्ण्यांची मुलगी देशपांडे झाली, तिने पॅनवर नाव बदलून घेतलं, तरी पॅन क्रमांक तोच राहतो, पाचव्या जागी के तसाच. दुसरं म्हणजे आपल्याकडे आडनाव आधी लिहायचं की शेवटी याचा अर्जागणिक वेगळा घोळ असतो. तिसरं, दक्षिणेकडच्या कित्येकांना आडनाव नसतंच. पाचव्या अक्षरावरून फार तर पिवळी सूचना द्या, लाल कधीच नाही.

शेवटचं अक्षर तपासअक्षर आहे, म्हणजे चूक पकडता यावी म्हणून आधीच्या अक्षरांवरून काढलेलं, पण त्याचं सूत्र आयकर विभागाने जाहीर केलेलं नाही. कोणाच्या कोडमध्ये ‘पॅनचं चेकसम’ सापडलं तर ते फंक्शन काढून टाका. कुठून तरी उचललेलं असतं.

आयएफएससी म्हणजे बँकेच्या शाखेचा संकेतांक. त्यात ११ अक्षरं: पहिली ४ बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची ६ शाखेची. ही शेवटची सहा बहुतेक मोठ्या बँकांत अंकच असतात, म्हणून लोक सहा अंकांची सक्ती करतात. तिथे अक्षरंही चालतात. मोठ्या बँकेच्या आधाराने व्यवहार करणाऱ्या कित्येक सहकारी बँकांच्या संकेतांकात ती असतात. महाराष्ट्रात सहकारी बँकांचं जाळं किती आहे ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे ही सक्ती इथे फार महागात पडते. उलट पाचव्या जागी लोक शून्याऐवजी ‘ओ’ टाइप करतात. तिथे दुसरं काही असूच शकत नाही, म्हणून तो बदल प्रोग्रामने आपणहून केला तरी माझी हरकत नाही. बाकी कुठेही ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल स्वतः करू नका, ‘तुम्हाला असं म्हणायचंय का?’ असं विचारा.

जीएसटीआयएनमध्ये राज्याच्या दोन अंकांनंतर १० अक्षरी पॅन, मग त्या राज्यात त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते एक अक्षर, मग बहुधा झेड, आणि शेवटी तपासअक्षर. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा. टीडीएस कापणाऱ्यांच्या नोंदणीत झेडच्या जागी डी येतो, टीसीएस (कर गोळा करणाऱ्यांच्या) नोंदणीत सी. सरकारी कार्यालयं पॅनऐवजी टॅनवर नोंदणी करू शकतात, मग मधल्या दहा अक्षरांत पाचव्या जागी अंक येतो. नगरपालिकेला बिल पाठवणारा ठेकेदार तुमचा ग्राहक असेल तर हे दोन्ही आज ना उद्या येणार.

वाहन क्रमांकांचं थोडक्यात: २०२१ पासून बीएच मालिका आली, ती दोन अंकांनी सुरू होते. ‘आधी राज्याची दोन अक्षरं’ हा नियम तेव्हाच मोडला. मतदार ओळखपत्रांवरही ३ अक्षरं आणि ७ अंकांखेरीज तिरप्या रेघा असलेले जुने लांब क्रमांक अजून लोकांकडे आहेत.

७. तपासअंकाचं गणित

हे सगळ्यात कठीण, म्हणून शेवटी. आधारचा शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. याकोबस व्हरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये ती मांडली. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती शंभर टक्के पकडते. आणि टाइप करताना माणसाच्या हातून मुख्यतः याच दोन चुका होतात.

दहातले नऊ आधार नापास होत असतील तर कोणीतरी व्हरहॉफच्या जागी लून ही तपासअंकाची दुसरीच पद्धत लावलीय. लून बँक कार्डांचा आणि मोबाइलच्या आयएमईआयचा. आधारवर तो लावला तर नशिबाने दहातला एक पास होतो. नशीब नेमकं प्रोग्रामरच्या स्वतःच्या आधारवर फळलं तर कोड तसाच ग्राहकाकडे जातो.

व्हरहॉफच लावलाय आणि तरी जवळपास तेवढेच नापास होतात? मग क्रमांक डावीकडून वाचला जातोय. तो उजवीकडून वाचायचा असतो, शेवटचा अंक शून्याव्या जागी धरून. थोडेच, पण कुठलेही नापास होत असतील तर व्हरहॉफचं गणित ज्या तक्त्यांवर चालतं त्यात एखादा आकडा चुकलाय. १० बाय १० च्या गुणाकार तक्त्यात प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात ० ते ९ एकेकदाच यायला हवेत. हे दोन ओळींच्या कोडने तपासता येतं. सोपी चाचणी: २३६ चा तपासअंक ३, म्हणून २३६३ पास झाला पाहिजे, आणि त्यातला कुठलाही एक अंक बदलला की नापास. बारा अंकी चाचणीसाठी ० किंवा १ ने सुरू होणारा क्रमांक बनवा. खरा आधार या दोन अंकांनी सुरू होत नाही, त्यामुळे तो कोणाचाही असू शकत नाही. सहकाऱ्याचा आधार चाचणीच्या फाइलमध्ये टाकण्याची पद्धत मात्र आजच बंद करा.

जीएसटीआयएनचं तपासअक्षर छत्तीसच्या पायावर चालतं. अंकांची किंमत तीच, ए म्हणजे १० ते झेड म्हणजे ३५. डावीकडून पहिल्या १४ अक्षरांना आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. या सगळ्यांच्या बेरजेला परत ३६ ने भागून आलेली बाकी ३६ मधून वजा करायची, उत्तर ३६ आलं तर शून्य धरायचं.

लोक नेमका तो भागाकार मिळवायचा विसरतात. आणि चौदाव्या जागी झेड असतो: ३५ दुणे ७०, भागाकार १, बाकी ३४, म्हणजे ३५ धरायचे, पण धरले जातात ३४. झेड जवळपास प्रत्येक क्रमांकात असल्यामुळे चूकही प्रत्येकात होते. एकही जीएसटी क्रमांक पास होत नसेल तर आधी इथे बघा.

कुठे थांबायचं

स्वरूप आणि तपासअंक बरोबर असला तरी क्रमांक अस्तित्वात आहे असं ठरत नाही. मनाला येईल तो १२ अंकी आकडा लिहिला तरी दहात एकदा व्हरहॉफ पास होतो. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली, तिचे जुने आयएफएससी २०२१ मध्ये बंद झाले, पण कुठल्याही रेगेक्सला ते आजही निर्दोष दिसतात. आधारशी न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली, त्यांच्या अक्षरांत काही बदल झाला नाही. हे प्रश्न कोड घट्ट करून सुटत नाहीत. आयएफएससीसाठी रिझर्व्ह बँकेची यादी, जीएसटीसाठी जीएसटी पोर्टलवरचा करदाता शोध, पॅनसाठी आयकर पोर्टल. आधारची खातरजमा करायला यूआयडीएआयने (आधार देणाऱ्या प्राधिकरणाने) मान्यता दिलेली वाट लागते. कार्डावरचा क्यूआर पडताळणं किंवा अधिकृत संस्थेमार्फत जाणं, यापलीकडे घरगुती युक्त्या करू नका.

बिघडलेला डेटा अंदाजाने दुरुस्त करू नका. व्हीआयडीचा सोळावा अंक एक्सेलने शून्य केला, आणि तोच तपासअंक, मग गणिताने परत काढता येईल की, असं चलाख डोकं सुचवतं. काढता येतो. पण आधीच्या पंधरांत एक जरी चूक असेल तर तिच्यावर तुम्ही बरोबरचा शिक्का मारता, आणि ती पुन्हा कधीच सापडत नाही. मूळ कागदाकडे जा.

पुढच्या बाबतीत मात्र स्वतः हात घालू नका. तपासणीत नापास झालेले पूर्ण आधार क्रमांक लॉग फाइलमध्ये छापले जात असतील (हे बघाच, फार ठिकाणी असतं), किंवा आधार डेटाबेसमध्ये उघडे पडले असतील, तर हा प्रोग्रामिंगचा प्रश्न राहत नाही. आधार कायदा २०१६ चा आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा दोन्ही यात येतात. छपाई ताबडतोब बंद करा, पण जुन्या फाइली घाईने पुसू नका, आणि माहिती सुरक्षेचा लेखापरीक्षक व वकील गाठा. क्रमांक सगळीकडे बरोबर दिसतोय आणि तरी रिटर्न परत येतंय, तर काम सीएचं. त्यांच्याकडे जाताना क्रमांकांची यादी मेलने पाठवू नका. किती नोंदी अडल्या, कुठल्या तारखेपासून, पोर्टलने शब्दशः काय निरोप दिला आणि अडलेल्यांत समान काय दिसतं, एवढं एका पानावर लिहून न्या.